संरक्षित संडास

सोमवार, दिनांक दहा फेब्रुवारी रोजी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी श्रीमती लुव्हेनिया हार्डवे, वय सत्त्याहत्तर, यांच्या घरातल्या संडासाने आठवडाभरात स्वीकारलेलं सर्व काही न्हाणीघरातल्या टबात परत केलं. तक्रार आमच्या कार्यालयाकडे आली. वास्तविक आमचं कार्यालय मैल्याचं नाही, स्मृतींचं आहे. परंतु लुव्हेनिया ही माझी सख्खी मावशी, आणि भाचा सरकारी नोकरीत असला की सगळी खाती त्याचीच, अशी आमच्या हिकरी वस्तीत समजूत आहे.

मी मेरिवेल येथील 'जिल्हा स्मृती व सन्मान मंडळा'चा सहायक संचालक. या पदावर बसलेला पहिला काळा माणूस. माझ्याआधी या पदावर गोराही कोणी नव्हता, कारण पद माझ्यासोबतच निर्माण झालं. पण पहिला तो पहिला, आणि तसं माझ्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं आहे.

"लँडो, तुझं ऑफिस उघडलं का?" मावशीने फोनवर विचारलं.

"नऊला उघडतं, मावशी."

"मग नऊपर्यंत काय करू? टबाकडे बघत बसू?"

मी तिला अर्ज करायला सांगितलं. अर्ज केल्याने टब रिकामा होत नाही, पण माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

इथे मातीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अलाबामातल्या आमच्या पट्ट्याची माती काळी आणि चिकट. कापसाला ती मानवते. पाण्याशी मात्र तिचं जमत नाही. वरून ओतलेलं पाणी ती खाली जाऊ देत नाही, त्यामुळे साधा शोषखड्डा इथे काहीही शोषत नाही. या मातीत चालेल अशी, मातीचा उंचवटा करून त्यावर बसवलेली मैल्याची टाकी घ्यायची, तर घराहून टाकी महाग पडते. नाकापेक्षा मोती जड. म्हणून वस्तीतल्या एकसष्ट घरांनी सोपा मार्ग पत्करला आहे. घरामागून एक पाइप निघतो, वीस पावलं जातो आणि उघड्यावर संपतो. पुढचं ऊन आणि देव बघून घेतात.

रस्त्यापलीकडे टेकाडावर मेरिवेल शहर आहे. तिथे ड्रेनेज आहे. १९५८ साली ती लाइन टाकली, तेव्हा नगरपालिकेच्या ठरावात स्वच्छ लिहिलं होतं की ती काळ्यांच्या वस्तीला मिळणार नाही. नंतर आमची चळवळ झाली. मोर्चे निघाले, कुत्री अंगावर सोडली गेली, माणसं तुरुंगात गेली, काही परत आली नाहीत. शेवटी कायदा झाला आणि ठरावात असं काही लिहायला बंदी आली. तेव्हापासून ठरावात 'उतार अनुकूल नाही' असं लिहितात. लाइन होती तिथेच आहे. भाषा मात्र फार सुधारली, असं जुनी माणसंही कबूल करतात.

उतार शहराकडून वस्तीकडे आहे हे खरं. पण तेवढ्यासाठी एक पंप लागतो, आणि पंपाबद्दल मी नगराध्यक्ष डेल हॅरल्सन यांना एकदा विचारलं होतं. हॅरल्सन सज्जन गृहस्थ आहेत. दर जानेवारीत, चळवळीच्या थोर नेत्याच्या जयंतीला, आमच्या माउंट पिसगा चर्चमध्ये येतात, पहिल्या बाकावर बसतात आणि समानतेवर बोलताना त्यांचे डोळे भरून येतात.

"ऑरलँडो, पंपाचं काही नाही रे," ते म्हणाले. "पण लाइन द्यायची तर ती एकसष्ट घरं शहराच्या हद्दीत घ्यावी लागतील."

"मग घेऊ."

"मग त्यांना शहरात मताचा हक्क द्यावा लागेल."

"तो हक्क त्यांना १९६५ सालीच मिळालाय, साहेब."

"हो, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती मतं हद्दीबाहेरची. आत आली की पालिकेत कोण निवडून येईल याचा भरवसा नाही. पूर्वी आपल्याकडे माणसाचा रंग बघून नाही म्हणायचे. किती वाईट! आता फक्त नकाशा बघतात."

नकाशा रंगीत आहे, पण तो वेगळा विषय झाला.

मे महिन्यात मावशीला आरोग्य खात्याची नोटीस आली. उघड्यावर मैला सोडल्याबद्दल नव्वद दिवसांत योग्य ती व्यवस्था करावी. अन्यथा घर माणसांना राहण्यास अयोग्य ठरवण्यात येईल. नव्वदावा दिवस सोळा ऑगस्ट. आरोग्य निरीक्षक टिडवेल स्वतः नोटीस घेऊन आला आणि डबकं ओलांडताना त्याने टोपी काढली. मावशीने चष्मा लावून कागद वाचला आणि माझ्याकडे दिला.

"वाच. काय लिहिलंय वर?"

"'आदरणीय मिस हार्डवे.'"

"माझ्या आईला मरेपर्यंत एकाही गोऱ्याने मिसेस म्हटलं नाही. 'ए रूबी' म्हणायचे. आणि मला बघ. घरातून हाकलतानासुद्धा आदरणीय."

घर तिच्या वडिलांनी बांधलेलं. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे ओसरी. दारावर अजून गोळीची तीन भोकं आहेत. मताच्या नोंदणीसाठी आलेली कॉलेजची पोरं या घरात झोपायची म्हणून त्या गोळ्या झाडल्या होत्या. मावशीने ती भोकं बुजवली नाहीत. उन्हाळ्यात तेवढीच हवा येते, असं ती म्हणते. हे घर गेलं तर तिला जायला दुसरं नाही. माझं घर आहे, शहरात, हद्दीच्या आत. मी तिला दर नाताळात बोलावतो. ती येते, जेवते, आमचा फ्लश दोनदा ओढून बघते आणि परत जाते.

मी हे प्रकरण मंडळापुढे मांडलं. मंडळाने सहानुभूती व्यक्त केली आणि नियम काढला. आमचा निधी फक्त ऐतिहासिक वस्तूंसाठी आहे.

"श्रीमती हार्डवेंचा सध्याचा संडास किती सालचा?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"१९८३ सालचा."

"ऐतिहासिक ठरायला पन्नास वर्षं लागतात. आणखी आठ वर्षं तो असाच तुंबलेला राहिला, तर आपल्याला नक्की काहीतरी करता येईल."

त्या क्षणी मला अंगणातला जुना लाकडी संडास आठवला, आणि माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक माझ्या तोंडून बाहेर पडली.

गोष्ट वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. १९६५ चा ऑगस्ट. नव्या कायद्याने मतनोंदणी करायला केंद्र सरकारचा माणूस येणार होता, आणि वस्तीतल्या एक्केचाळीस जणांनी गुपचूप नावं दिली होती. यादी मावशीकडे. वय सतरा. ती यादी गोऱ्या मळेवाल्यांच्या, म्हणजे बहुतेकांच्या जमीनमालकांच्या, हाती लागती तर एक्केचाळीस कुटुंबं संध्याकाळपर्यंत रस्त्यावर आली असती. शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, झडतीला आला तशी मावशी यादी मोज्यात खुपसून अंगणातल्या संडासात शिरली आणि कडी घातली. दोन तास बसून राहिली. शेरीफ बाहेर उभा. पण भर उन्हाळा, खड्डा काठोकाठ, त्याच्याच्याने तीस पावलांच्या आत येववेना. शेवटी नाकाला रुमाल लावून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस नावं नोंदली गेली. त्या दिवशी चळवळीची अब्रू दुर्गंधीने राखली, असं आमचे पाद्रीबुवा दर वर्षी सांगतात.

हे ऐकून अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले. त्या प्रसंगाचा साठावा वर्धापनदिन, तोही सोळा ऑगस्टलाच, येऊ घातला होता आणि राजधानीतल्या पाहुण्यांना दाखवायला काही नवीन नव्हतं. पंधरा मिनिटांत निधी मंजूर झाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण बंब मंजूर झाला हे महत्त्वाचं. मावशीचा अंगणातला संडास 'संरक्षित स्मारक क्रमांक अकरा' झाला.

"म्हणजे संडास दुरुस्त होणार?" मावशीने विचारलं.

"जतन होणार."

"वापरता येईल?"

"मावशी, ते स्मारक आहे."

"लँडो, भीक नको पण कुत्रं आवर. मला फक्त एक पाइप पाहिजे."

जतनाचं काम उत्तम झालं. खड्डा काँक्रीटने भरला. फळ्यांना मूळ किडीसकट लेप दिला. लाकूड वाकू नये म्हणून आत गार हवेचं यंत्र बसवलं, त्यामुळे वस्तीतली सर्वांत थंड जागा आता तीच. वासासाठी उत्तरेकडून एक तज्ज्ञ बाई आल्या, डॉक्टर फ्रे. त्यांनी डोळे मिटून अंगणात तीन दिवस श्वास घेतला आणि अहवाल दिला की परिसरात तीव्र वास आहे, परंतु तो समकालीन आहे. घरामागच्या डबक्यातून येतो, त्याचा १९६५ च्या वासाशी काही संबंध नाही, आणि अभ्यागतांचा गोंधळ होईल. उपाय म्हणून स्मारकाच्या चार कोपऱ्यांवर मोठे पंखे बसवले. ते समकालीन वास वस्तीकडे परत पाठवतात.

जूनमध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. चर्चने मावशीचं काम स्वतःच करायचं ठरवलं. बायकांनी तळलेले मासे विकले, पोरांनी गाड्या धुतल्या, आणि आयुष्यभर नळ जोडलेल्या एका निवृत्त मिस्त्रीने उंचवट्यावरची टाकी फुकट बसवून द्यायचं कबूल केलं. एका गुरुवारी टाकी आली, खणायचं यंत्रही आलं. मावशीने ओसरीवर गोड चहाचा घडा आणि मक्याचा पाव मांडून ठेवला. यंत्राने पहिला घास घ्यायला तोंड उघडलं, आणि मी जीपमधून उतरलो.

माझ्या हातात आदेश होता. संरक्षित स्मारकापासून दीडशे फुटांच्या आत खोदकामास मनाई. मावशीचं सगळं आवार मागच्या कुंपणापर्यंत एकशे चाळीस फूट भरतं.

मिस्त्रीने यंत्र बंद केलं. मावशी ओसरीवर, चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा हलवत होती.

"कोणाची सही आहे त्यावर?"

"माझी."

"तुझ्या हाताने केलीस?"

"नियम सगळ्या स्मारकांना सारखाच आहे, मावशी. मी तुझ्यासाठी अपवाद केला असता तर लोक म्हणाले असते, काळा माणूस पदावर बसला आणि नात्यागोत्याचं बघायला लागला."

तिने पंखा मांडीवर ठेवला. "मी तिथं दोन तास बसले होते लँडो, नाक दाबून. तेव्हा मला वाटत होतं, आपलं कोणी तिकडच्या खुर्चीत बसलं की सही आपल्या बाजूची होईल. तुला खुर्ची मिळावी म्हणून बसले होते का रे मी?"

मला लाज वाटली. खरोखर वाटली, अजून वाटते. पण आमच्या कार्यालयात लाजेचा फॉर्म नाही, आणि टाकी परत पाठवल्याची पोच मात्र तीन प्रतींत लागते. मी ती मिस्त्रीकडून घेतली. त्याने मक्याचा पाव खिशात घातला आणि मला न विचारता निघून गेला.

जुलैत मंडळाच्या लक्षात आलं की सोळा ऑगस्टला बसगाड्या भरून पाहुणे येतील, आणि पाहुण्यांना कुठेतरी जावं लागेल. मावशीच्या घरासमोर अभ्यागत केंद्र उभं राहिलं. सहा संडास, संगमरवरी ओटा, हात धरला की आपोआप पाणी. त्याला ड्रेनेज हवं, म्हणून शहराची लाइन आणली. सदुसष्ट वर्षांत जो रस्ता तिला ओलांडता आला नव्हता, तो तिने अकरा दिवसांत ओलांडला. उताराची अडचण पंपाने सोडवली. हद्दीची अडचण हॅरल्सन साहेबांनी मोठ्या कल्पकतेने सोडवली: शहराची हद्द त्यांनी वाढवली, पण वाढीव पट्टी फक्त पाइपाएवढी रुंद ठेवली, म्हणजे आठ इंच, आणि टोकाला अभ्यागत केंद्र. त्या पट्टीत एकही मतदार राहत नाही. राहूही शकत नाही, आडवा झोपला तरी.

जवळच्या मार्गाने पाइप मावशीच्या ओसरीखालून गेला.

"दीडशे फुटांत खणायला मनाई होती ना?" तिने विचारलं.

"ती खाजगी खोदकामाला. हे स्मृतीसाठीचं खोदकाम आहे."

"मग माझा पाइप त्याला जोडा. हातभर अंतर आहे."

"तुझं घर हद्दीबाहेर आहे, मावशी."

"पाइप तर माझ्या पायाखाली आहे."

"पाइप आत आहे. पाय बाहेर."

यावर ती हसली. मावशी अशी हसली की माझी आई घरातलं काचसामान उचलून ठेवायची, असं मला लहानपणचं आठवतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण कार्यक्रमपत्रिका छापायची होती.

सोळा ऑगस्ट उजाडला. सकाळी आठ वाजता टिडवेलने टोपी काढून मावशीच्या दारावर, गोळीच्या भोकांच्या बरोबर खाली, लाल कागद चिकटवला: 'माणसांना राहण्यास अयोग्य'. दहा वाजता त्याच दारावर मी फुलांचं तोरण लावलं. दोन्ही खाती वेळेवर हजर होती याची नोंद व्हावी.

मांडवात चारशे माणसं. पुढच्या खुर्च्यांवर राजधानीचे पाहुणे, हॅरल्सन साहेब, अध्यक्षीणबाई; मागे उभी आमची वस्ती. कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे १९६५ च्या प्रसंगाचं सादरीकरण, सात मिनिटांचं. आमच्याकडे वर्धापनदिनाला जुना प्रसंग जसाच्या तसा करून दाखवतात. पूल ओलांडणारे पुन्हा पूल ओलांडतात, अटक झालेले पुन्हा हात पुढे करतात. मावशी स्वतःची भूमिका करणार होती. शेरीफची भूमिका करायला आमचे आजचे शेरीफ कर्टिस बोल्डन तयार झाले. तेही पहिले काळे शेरीफ. रंग सोडला तर भूमिका त्यांना शोभत होती. ठरलं असं की मावशी आत जाईल, शेरीफ येऊन नाक मुरडतील आणि परत फिरतील, मग मावशी यादी उंच धरून बाहेर येईल आणि बँड वाजेल.

मावशी आत गेली. कडी लागली. शेरीफ आले, नाक मुरडलं, परत फिरले. बँड वाजला. मावशी बाहेर आली नाही. बँड पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजता वाजता दाराच्या वर हवेसाठी कोरलेल्या चंद्रकोरीच्या भोकातून तिचा आवाज आला.

"मी बाहेर येत नाही."

हॅरल्सन माझ्याकडे झुकले. "हे संहितेत आहे?"

"नाही."

"वा," ते म्हणाले. "अगदी आतून येतंय."

"माझ्या घराला आज सकाळी लाल कागद लागला," मावशी म्हणाली. "ड्रेनेजची लाइन माझ्या ओसरीखालून गेलीय आणि मला हाकलतायत. माझ्याकडे यादी आहे. एकसष्ट घरांची. सगळी जोडून द्या, मग मी दार उघडते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजधानीच्या एका पाहुण्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला. मावशी नावं वाचू लागली. पहिलं नाव वाचलं तशी मागे उभी असलेली एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "हजर." दुसऱ्या नावाला एक म्हातारा आला. आमच्या चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या प्रत्येक वाक्याला लोक साथ देतात, तशी मागून साथ सुरू झाली. "सांग, बाई." "वाच, वाच." एकेक नाव आणि एकेक माणूस. पंचविसाव्या नावापर्यंत मांडवात हुंदके ऐकू यायला लागले.

"इतकी माणसं तुम्ही तालमीशिवाय कशी उभी केलीत?" अध्यक्षीणबाईंनी मला कानात विचारलं.

"टाळ्या वाजवू नका," मावशी आतून ओरडली. "हे नाटक नाही."

या वाक्यावर तर पाहुणे खुर्च्यांवरून उठून उभे राहिले.

अडचण वेगळीच होती. स्मारकाच्या नियमानुसार आत कोणालाही पंधरा मिनिटांहून जास्त थांबता येत नाही. माणसाच्या श्वासाने लाकडाला ओल धरते. मी घड्याळ बघितलं, शेरीफकडे बघितलं. शेरीफ पुन्हा दाराशी गेले, या वेळी खरेखुरे.

"मिस लुव्हेनिया, दार उघडा. मला अवघडात टाकू नका."

"कर्टिस, तुझी आजी पहिल्या यादीत होती. नववं नाव."

"ठाऊक आहे मला."

"तुझ्या आईचं घर या यादीत आहे. सत्तावीस. अजून आले नाही मी तिथपर्यंत. थांबतोस, की तिचं नाव वाचायच्या आत मला काढतोस?"

शेरीफ थांबले. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली. मावशीने सत्तावीस नंबर वाचला. मागून त्यांची आई पुढे आली आणि मुलाकडे न बघता म्हणाली, "हजर." मग शेरीफनी टोपी घातली आणि दाराची कडी बाहेरून उचकटली. १९६५ सालच्या शेरीफला दुर्गंधीने तीस पावलांवर अडवलं होतं. आता आत दुर्गंधी नव्हती, आम्हीच ती काढली होती. आत थंडगार होतं आणि मंद लव्हेंडरचा वास येत होता.

मावशीला दोन्ही दंडांना धरून गाडीकडे नेलं. शेरीफनी हळू धरलं होतं, हे मी साक्षीत सांगितलं आहे. ती चालता चालता उरलेली चौतीस नावं वाचत होती. चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. गाडीचं दार बंद झाल्यावर बँड चौथ्यांदा वाजला. "आणि बघा, अटक करणारासुद्धा आपला माणूस," माझ्याशेजारचे पाहुणे भारावून म्हणाले. "किती लांब आलात तुम्ही लोक." त्यानंतर पीचची मिठाई वाटली. वस्तीतल्या कोणीही ती घेतली नाही, त्यामुळे पाहुण्यांना दोन-दोन वाट्या मिळाल्या.

पुढचं सगळं सुरळीत झालं. मावशीवर स्मारकाच्या अनधिकृत वापराचा खटला झाला. न्यायाधीशबाई कार्यक्रमाला हजर होत्या आणि फार प्रभावित झाल्या होत्या, म्हणून त्यांनी तुरुंगाऐवजी वर्षभराची समाजसेवा दिली. दर शनिवारी अकरा वाजता मावशीने स्मारकात बसायचं, कडी घालायची, बाहेर यायला नकार द्यायचा, यादी वाचायची. शेरीफ येतात. चौदाव्या मिनिटाला तिला बाहेर काढतात. बस बारा वाजता सुटते. पहिल्या शनिवारी ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानंतरही नाही.

घर माणसांना राहण्यास अयोग्य ठरलं. अभ्यागतांना बघण्यास मात्र योग्य आहे, असं टिडवेलने लेखी दिलं. मंडळाने ते ताब्यात घेतलं. मावशी हल्ली वस्तीत तिच्या भावजयीच्या पत्र्याच्या फिरत्या घरात राहते, यादीत अडतिसावं. तिथेही मागे पाइप आहे, वीस पावलांचा.

एकसष्ट घरांची यादी आम्ही सन्मानपूर्वक स्वीकारली. तिच्यावर पोचेचा शिक्का मारला, आणि ती अभ्यागत केंद्रात काचेच्या पेटीत, एक्केचाळीस नावांच्या जुन्या यादीशेजारी ठेवली आहे. जुन्या यादीवर दुसऱ्या दिवशी कार्यवाही झाली होती. नवी यादी कार्यवाहीसाठी बाहेर काढता येत नाही, कारण ती आता संग्रहातली वस्तू आहे. या कामासाठी मला राज्याचा पुरस्कार मिळाला. माझ्या दारावर दुसरी पितळी पाटी लागली.

आपण इथवर आलात, दोन-चार ठिकाणी हसलात, एखाद्या ठिकाणी हळहळलातही. आमच्या नियमानुसार हा सहभाग धरला जातो, आणि मंडळ आपलं आभारी आहे. दोन्ही याद्या डाव्या हाताला आहेत. जाण्यापूर्वी कोणाला जायचं असेल तर उजव्या हाताला सहा आहेत. स्वच्छ आहेत, सर्वांना खुले आहेत, कोणालाही त्याचा रंग विचारला जात नाही. निःसंकोच ओढा. फक्त ओढल्यावर क्षणभर कान दिलात तर समोरच्या घराच्या ओसरीखालून खळखळ ऐकू येईल. घाबरू नका. ते आपलंच आहे, आणि त्याला जायला जागा आहे.